मैदानाला दिलेला उतार

माझे हात बाबागाडीवरून सुटले नाहीत, मी ते काढले. यातला फरक गेले अकरा दिवस मी कुणालाच सांगू शकलेले नाही. सुटणं म्हणजे घाम, गुळगुळीत झालेलं रबर, दमलेलं मनगट. सुटलेल्या हाताला कुणीही माफ करतं. मी मात्र दोन्ही हात नीट उचलले, मांड्यांच्या कडेला ताठ लावले, टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली आणि उभी राहिले. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. समोरच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर बँडच्या वर्गातलं कुणीतरी ट्रम्पेटवर तीन सूर चढवून बघत होतं. तिसरा सूर मध्येच फाटला, पण तो फाटायच्या आधीच मी थांबले होते. आणि गाडी निघाली. आधी अगदी सावकाश, पाहुणा निरोप घेताना दाराशी रेंगाळतो तशी. मग चाकांखालची लाल खडी करकर वाजायला लागली. आत माझी नऊ महिन्यांची लेक, मुंगी, तोंड पुढे, एक पाय बाहेर. मला सगळं दिसत होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो तिचा नव्हता. पहिला विचार असा आला, की कोण हललं?

मग एक बाई हलली. पायवाट संपून रस्ता लागतो तिथे औषधांचं दुकान आहे, त्याची मालकीण बाहेरचा फलक आत घ्यायला आली होती. तिने फलक तसाच टाकला आणि सरळ चाकासमोर पाय घातला. गाडी तिच्या नडगीवर आदळून थांबली. मागून एक मोटार गेली, नेहमीच्या वेगात, आत बसलेल्याला कशाचाच पत्ता नाही. "अहो बाई!" औषधवाली ओरडली. "उभ्या उभ्या झोपलात की काय?" मी धावत पोचले तेव्हा मुंगी तिच्या एप्रनच्या खिशातलं पेन ओढत होती. "ब्रेक लागला नाही," मी म्हणाले. औषधवालीने वाकून चाकाजवळची पट्टी बघितली. "लावलाच नव्हता, तर लागेल कसा?" तिने मला दुकानात बसवलं, पाणी दिलं, स्वतःची नडगी चोळली. "पहिलंच ना?" "हो." "झोप होते का?" "होते." "खोटं," ती म्हणाली, आणि हसली. मीही हसले. बाळंतपणानंतर बायका कशावरही हसतात असं तिला वाटलं असावं. खरं सांगायला मला तिथे जागाच नव्हती. तिला काय सांगणार होते, की मी झोपले नव्हते, इतकी जागी मी गेल्या नऊ महिन्यांत कधीच नव्हते?

ही सगळी वस्ती पूर्वी लष्कराची छावणी होती. आता इथे राहणाऱ्या बहुतेकांना ते माहीत असतं, पण आपल्या पणजोबांचं नाव माहीत असावं तसं, कामाचं नसतं. दारूगोळ्याच्या कोठारात पाळणाघर आहे. भिंती हातभर जाड, म्हणून मुलांचं रडणं बाहेर येत नाही, असं ते जाहिरातीत अभिमानाने सांगतात. बराकी पाडल्या नाहीत, त्यांना काचा लावल्या आणि आत लॅपटॉप घेऊन बसणारी माणसं भरली. पाण्याची टाकी ठेवली, तिच्यावर ढग रंगवले. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात शाळा. आणि मधोमध जे कवायतीचं मैदान होतं, ते आता लांबट गोल बाग आहे. कडेने बाक, मधून वळणं घेत जाणाऱ्या लाल खडीच्या पायवाटा, पायवाटांना फुलांची नावं. सरळ रेघ नावाला सापडायची नाही. त्या मैदानावर सरळ रेघेशिवाय दुसरं काही नव्हतं. मी चार वर्षांची असल्यापासून अकरा वर्षांची होईपर्यंत त्याच्या काठाला राहिले. माझे बाबा छावणीच्या भटारखान्यात आचारी होते. चारशे माणसांचं करायचे. घरी कधी हौसेने करायला घेतलं की आठवडाभर तेच पुरायचं, आणि आई म्हणायची, शत्रू आला तर बोलावू त्यालाही. ते मैदान इतकं सपाट होतं की चेंडू ठेवला तर तो जिथल्या तिथे राहायचा. आम्ही पोरं पैजा लावायचो. वारा नसेल तर काचेची गोटीसुद्धा हलायची नाही. रोज संध्याकाळी झेंडा उतरायचा, बिगूल वाजायचा, आणि सगळी छावणी आहे तिथे थांबायची. सायकलवरचा पोस्टमन उतरून उभा राहायचा. खेळातला राज्य असलेला गडी आणि पळणारा गडी एकमेकांपासून वीतभर अंतरावर ताठ. हातात असेल ते खाली ठेवायचं, हे आम्हाला कुणी मारून शिकवलं नव्हतं. श्वासासारखं आलं होतं. मी माझी बाहुली खाली ठेवायचे, चेंडू ठेवायचे, दप्तर ठेवायचे. बिगूल संपला की सगळं जागच्या जागी असायचं. सात वर्षं रोज. ठेवलेली गोष्ट सोडून गेली असं एकदाही झालं नाही.

मग एक दिवस सैन्य गेलं. नऊ दिवसांत सगळी छावणी रिकामी. क्वार्टर सोडताना तपासणी असायची. एक कारकून वही घेऊन यायचा, नळ, दिवे, खिडक्यांच्या कड्या, भिंतीतली खिळ्यांची भोकं. आईने खिळे उपटून भोकांत पांढरा साबण भरला होता, वरून बोटाने गुळगुळीत केला होता. कारकून भिंतीजवळ जाऊन वास घेत म्हणाला, "वहिनी, फारच स्वच्छ भिंत आहे हो तुमची," आणि वहीत बरोबरची खूण केली. क्वार्टर तर पाडणारच होते, तरी तपासणी झाली. त्यानंतर चार वर्षं कुंपणाआड नुसतं गवत. नंतर माणसं आली, त्यांनी वीतवीत जमीन उकरून चाळली, आत काही जिवंत दारू राहिली असेल तर म्हणून. मग नकाशे, सभा, विरोध, पुन्हा नकाशे. मी तेव्हा कॉलेजात होते. नगरपालिकेच्या सभागृहात नव्या वस्तीचं मॉडेल मांडलंय असं कळलं म्हणून एकटीच बघायला गेले. पुठ्ठ्याच्या इमारती, हिरव्या स्पंजची झाडं, करंगळीएवढी माणसं. मी एका जागी बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "इथे आमचं घर होतं." मागून आवाज आला, "मॉडेलला हात लावू नका." तो माझा नवरा. म्हणजे तेव्हा नव्हता. तेव्हा तो मोजणी खात्यातला नवा पोरगा होता, राखणीला बसवलेला. मग तोच म्हणाला, "कुठे नेमकं?" आणि कपाटातून जुना नकाशा काढून आणला. आमचं घर तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरणाऱ्या मार्गाखाली गेलं होतं. तो इतका खजील झाला, जणू त्यानेच ते तिथे लोटलं होतं. त्या दिवशी दोन तास मी त्याला एकेक जागा सांगत होते आणि तो जुन्या नकाशावर पेन्सिलीने बारीक बारीक टिंबं काढत होता. मला वाटलं, जगात आता दोन माणसांना माहीत आहे. तेवढी पुरेत.

त्या टिंबांवर आम्ही संसार उभा केला असं तो मित्रांना सांगतो. मित्र हसतात. सहाव्या मजल्यावर आमचं घर आहे आणि त्याची बैठकीची खिडकी बागेवर उघडते. तो सकाळी आठला जातो, सातला येतो. मधले अकरा तास मी आणि मुंगी. लिफ्टमध्ये लोक मुंगीशी बोलतात, माझ्याशी बोलत नाहीत; मी तिची गाडी ढकलणारा भाग आहे. बागेतल्या बाकांवर आया बसतात, त्यांच्यात बसायचा मी प्रयत्न केला. दातांविषयी बोलायचं असतं, झोपेविषयी, सासवांविषयी, आणि त्या बोलतातही छान, एकीने तर मुंगीची शी बघून असा काही अभिप्राय दिला की आम्ही सगळ्या पोट धरधरून हसलो. पण हसता हसता मी बाकाखालच्या जमिनीकडे बघत होते आणि मला कळत नव्हतं, की मी आत्ता ध्वजस्तंभाच्या उजवीकडे बसले आहे की डावीकडे. कुणाला विचारणार? सगळं गोल केलंय. स्वतःच्या गावात परत आलेल्या माणसाला निदान वाट विचारायची सोय असते. मला वाट माहीत होती, तीच नव्हती. घरी येऊन नवऱ्याला सांगावं तर तो लगेच फोनवर नकाशा उघडतो. "हे बघ, स्तंभ इथे. म्हणजे तू डावीकडे." बरोबर असतं त्याचं. बरोबर उत्तर मिळाल्यावर माणूस आणखी एकटं पडतं, हे त्याला कसं सांगू?

त्या संध्याकाळनंतर मी मुंगीला बाहेर नेलं नाही. पहिल्या दिवशी सर्दीचं कारण होतं आणि ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धं खरं. चौथ्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, "वारा फार आहे," तर त्याने खिडकीबाहेर पाहिलं, एक पान हलत नव्हतं, आणि म्हणाला, "हो, असेल." मुंगीला बाहेर जायचं असायचं. दाराजवळ रांगत जायची, माझी चप्पल तोंडात घालायची, दारावर हात आपटायची. मी तिला उचलून खिडकीशी न्यायचे, खालचे लोक दाखवायचे. साडेपाच वाजले की ट्रम्पेट आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायचे, पंखा मोठा करायचे, नळ सोडायचे. अंघोळ घालताना दोन्ही हात तिच्यावर, कपडे बदलताना एक हात तिच्यावर. स्वतःच्या हातांकडे मी अशी बघायला लागले, जसं नव्याने कामाला ठेवलेल्या बाईकडे बघतात, नजर चुकवून, काही उचलते का. त्या हातांनी जे केलं ते पुन्हा करणार नाहीत कशावरून? त्यांना मी सांगितलंच नव्हतं तसं करायला. मला न विचारता त्यांनी ते केलं. नवऱ्याला सांगितलं तर तो ओरडणार नाही हे मला ठाऊक होतं. तो ऐकून घेईल. मग हळूच म्हणेल, आईला थोडे दिवस बोलावू या का. सासूबाई येतील, प्रेमाने येतील, आणि मुंगीला माझ्याकडून घेतील. दर वेळी. दूध पाजून झालं की घेतील, बाहेर जाताना घेतील, दे गं इकडे, तू बस. आणि मी बसेन. या एका भीतीपुढे बाकीच्या सगळ्या भित्या लहान होत्या. मुंगी माझ्या हातात राहणार की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मी हात बांधून घरात बसून देत होते.

अकराव्या दिवशी दुपारी मुंगी झोपली आणि मी बाबांना फोन केला. ते भावाकडे असतात. "आज सूनबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाकललं," ते म्हणाले, फार खूश होते. "म्हणे बाबा, चार माणसांचं करायचंय, पलटणीचं नाही. मी म्हटलं, अगं, बटाटा सोलायला तरी दे. तर दोन बटाटे दिले. दोन! मला वाटलं, हे मासल्याला आहेत." मी हसले. मग विचारलं. कुठून आलं कोण जाणे, की इतके दिवस तेच येऊन दाराशी उभं होतं. "बाबा, संध्याकाळी बिगूल वाजला की सगळे थांबायचे. आई का नाही थांबायची?"

हे मी आयुष्यात कधी कुणाला विचारलं नव्हतं. मी आठ वर्षांची असेन. भाऊ तेव्हा आईच्या कडेवर असायचा. ती संध्याकाळी मैदानाच्या कडेने दवाखान्यातून किंवा दुकानातून परत यायची, आणि बिगूल वाजायचा, आणि ती चालत राहायची. चारशे माणसं दगडासारखी उभी आणि त्यांच्यामधून एकटी माझी आई, चपला फटक फटक वाजवत, भावाला सावरत, केस विस्कटलेले. सगळ्या छावणीत तेवढाच आवाज. ड्रायव्हरकाकांची मुलगी माझ्या शेजारी उभी होती, ओठ न हलवता म्हणाली, "तुझी आई हलतेय." मीही ओठ न हलवता म्हणाले, "ती माझी आई नाही." आई तेव्हा आमच्यापासून चार हातांवरून जात होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली.

"अगं, तिला सूट होती," बाबा म्हणाले.

"सूट?"

"म्हणजे काय? कडेवर मूल असलेल्या बाईला, आजाऱ्याला, आणि आम्हा भटारखान्यातल्यांना. चुलीवर चारशे माणसांचं दूध, ते काय बिगुलासाठी उतू जायचं थांबणार आहे? ज्याच्या हातात सोडता न येणारं काही आहे त्याने थांबायचं नाही, असा नियमच होता."

"आम्हाला कधी सांगितला नाही कुणी."

"पोरांना? पोरांना सांगितला असता तर सगळी पोरं एकमेकांना कडेवर घेऊन हिंडली असती!" ते आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले. मग म्हणाले, "तरी ती एकदा थांबून बघणार होती. तू ओळख दाखवत नाहीस म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थांबली एक दिवस. घरी येऊन म्हणाली, मूल कडेवर असलं की ताठ उभंच राहता येत नाही हो, कंबर वाकडी करावीच लागते. चारचौघांत वाकडं उभं राहण्यापेक्षा चाललेलं बरं." मग म्हणाले, "का गं? आज कसं आठवलं?"

"असंच."

"असंच नाही," बाबा म्हणाले. पण पुढे विचारलं नाही. पलीकडे नळ चालू होता, भांडी वाजत होती. "बाळ बरंय?" "बरंय." "तू?" "मीपण." फोन ठेवल्यावर मी मुंगीशेजारी आडवी झाले. आईला जाऊन सहा वर्षं झाली. सूट या शब्दात काहीतरी सुखाचं असतं असं मला आजवर वाटायचं. फीमध्ये सूट, कामातून सूट. ती रोज संध्याकाळी थांबलेल्या चारशे माणसांमधून चालायची आणि तिच्याबरोबर कुणी नसायचं, पोटची मुलगीसुद्धा नाही. तिला परवानगी होती, सोबत नव्हती. आणि मी मोठी झाले, माझ्या हातात मूल आलं, आणि माझं अंग अजून पोरांच्याच नियमाने चाललं होतं. मला बाईचा नियम ठाऊकच नव्हता. मुंगीने झोपेत पाय झाडला, तो माझ्या बरगडीत बसला. चांगलाच लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर नवरा पलंगावर बसून मुंगीच्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याच्या घड्या कागदाच्या होडीसारख्या होतात. मी म्हणाले, "मला एक सांगायचंय." "सांग." मी सांगितलं. सगळं, हातांसकट. हात सुटले नाहीत, काढले, हेही. कोण हललं, हेही. तो ऐकत होता आणि एकाच झबल्याची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता. संपल्यावर तो म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गाडी सुटली ते. हातांचं नव्हतं माहीत. त्याच दिवशी तिच्या नाकात घालायचे थेंब आणायला गेलो होतो ना, औषधवालीने सांगितलं. पायावरचं काळंनिळं दाखवलं."

"मग अकरा दिवस गप्प बसलास?"

"तू गप्प होतीस." तो झबल्याकडे बघत म्हणाला. मग म्हणाला, "तो उतार मी दिलाय."

"कसला उतार?"

"त्या पायवाटेचा. पंचवीसला एक. मैदान इतकं सपाट होतं की पाणीच जाईना. चार वेळा लेव्हल घेतली. साहेब म्हणाले, रस्त्याकडे काढा. मी खुंट्या ठोकल्या." त्याने झबलं पुन्हा उलगडलं. "तू पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतंस, इथे चेंडू ठेवला तर हलत नाही. मी लिहूनसुद्धा ठेवलं होतं नकाशाच्या कडेला."

"मग दिलास कशाला उतार?"

"अगं, पाणी जायला नको?"

मला हसू फुटलं. त्याला नाही फुटलं. तो म्हणाला, "रोज घरी आलो की मी गाडीची चाकं बघायचो. बागेत नेली तर लाल भुकटी लागते. अकरा दिवस स्वच्छ होती."

मी त्याच्यासमोर बसले. रोज संध्याकाळी तो बूट काढायला जरा जास्त वेळ वाकलेला असायचा, एवढं मला माहीत होतं. गाठ बसली असेल, असं वाटायचं. "स्वच्छ दिसली की तुला बरं वाटायचं की वाईट?"

खोटं बोलायला हा फार छान क्षण होता आणि त्याने तो जाऊ दिला. "पहिले चार दिवस बरं," तो म्हणाला.

"आणि मग?"

"मग वाईट."

"तुझ्या आईंना बोलवायचं मनात आलं?"

"आलं. पहिल्या चार दिवसांत." आणि मग घाईने, "नाही बोलावलं."

बाहेर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. मला राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. आम्ही दोघं इतके दिवस एकाच घरात, तो चाकांवर नजर ठेवून, मी हातांवर. दोन माणसांना माहीत असणं म्हणजे काय, याचा मी काही वेगळाच अर्थ धरून बसले होते. मी उठले, मुंगीला मोजे घातले, टोपी घातली. तिने टोपी काढली. पुन्हा घातली. "मी येतो," तो म्हणाला. "नको." "खालपर्यंत तरी?" "नको म्हटलं ना." तो दारापर्यंत आला आणि झबलं हातात धरून उभा राहिला. लिफ्टचं दार लागेपर्यंत तो तसाच दिसत होता.

बागेत रविवारची गर्दी होती. मी त्याच पायवाटेने गेले, कारण दुसरीने गेले असते तर कायम दुसरीनेच जात राहिले असते. आता माहीत असल्यामुळे उतार पायांना कळत होता. पोटऱ्या मागे ओढत होत्या, बोटं चपलेच्या टोकाला जात होती. पंचवीस पावलांना एक पाऊल खाली. दांडा मी इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी झाली. निम्म्यावर आल्यावर शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी म्हटलं, "मोजा पडला हो मागे." मी न थांबता म्हणाले, "असू दे." ते बिचारे बघत राहिले. दोन पावलं गेले, तीन गेले. मुंगीचा उघडा पाय हवेत सायकल चालवत होता. मग मी थांबले. पायाने पट्टी खाली दाबली, ती टक् करून बसली, तरी पुन्हा दाबली. दांडा थोडा हलवून पाहिला. उजवा हात काढला. मग बराच वेळ डावा तिथेच होता, आणि आजोबांना वाटलं असेल, ही बाई मोजा आणायला माझीच वाट बघतेय, कारण ते वाकायला लागले. "थांबा, मी घेते," मी म्हणाले आणि डावाही काढला. तीन पावलं वर. मोजा उचलला, त्यावरची खडी झटकली. वळून पाहिलं तर गाडी होती तिथेच होती, आणि मुंगी कुणाकडेही न बघता दुसरा मोजा ओढत होती.